बाल्कनीतली टूलरूम

हातोडी बिघडत नाही, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एकदा आमच्या घरी यावं. आमच्याकडे हातोडी बिघडते, पाना बिघडतो, पक्कड बिघडते. फार काय, ओळंबा बिघडतो. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. त्यात बिघडायला दोनच गोष्टी. पैकी दोरी बायकोने लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायला नेली आणि वजन सध्या खिडकी आपटू नये म्हणून फटीत अडकवलेलं आहे. गुरुत्वाकर्षण तेवढं शाबूत राहिलं, कारण ते सोसायटीच्या ताब्यात नाही.

हातोडीचं असं होतं की उन्हाळ्यात दांड्याचं लाकूड आकसतं आणि डोकं ढिलं पडतं. मग खिळ्यावर घाव घातला की दांडा हातात राहतो आणि डोकं आपल्या मर्जीने कुठेही निघून जातं. उपाय अगदी साधा. दांड्याच्या टोकात लाकडाची पाचर ठोकायची. ठोकायची कशाने? हातोडीने. मी शेजारी मागायला गेलो.

"तुमच्याकडे आहे ना हातोडी?" शेजारी म्हणाले.

"आहे ना. तिच्यासाठीच हवीय."

त्यांनी दिली. पण दार लावून घेताना आतल्या कोणाला तरी हळूच काहीतरी सांगितलं आणि आतून "अगंबाई!" असं ऐकू आलं.

मी बँकेत होतो, हे इथे सांगायला हवं. लेजर हाताने लिहायचे त्या काळातला मी. संध्याकाळी टॅली लागली नाही तर कोणी घरी जायचं नाही, असा दंडक होता. वीस पैशांच्या डिफरन्ससाठी आमची अख्खी शाखा रात्री उशिरापर्यंत बसलेली आहे. कोणी खिशातून वीस पैसे काढून ठेवले असते तर सगळ्यांना सातची बस मिळाली असती, पण ते नियमात बसत नव्हतं. असा माणूस निवृत्त होतो, त्याच्या अंगातला डिफरन्स निवृत्त होत नाही. तो कुठून तरी बाहेर पडायला बघतो. काहींचा भाजीवाल्याकडे बाहेर पडतो, काहींचा सोसायटीच्या वार्षिक सभेत. माझा हत्यारांच्या पेटीत पडला आणि आमच्या बाल्कनीची टूलरूम झाली. कपडे वाळत घालायची दोरी दिवाणखान्यात आली. त्याबद्दल घरात अजून बोललं जातं, पण ते बाजूला ठेवू.

टूलरूम हा शब्द माझा नाही. वरच्या मजल्यावर एक काका राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची हयात गेली. माझा उद्योग बघायला ते पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबले, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "वा साहेब, टूलरूम टाकलीत." कौतुक समजून मी त्यांना चहा पाजला. पुढे त्यांचा स्वभाव कळला, पण तोवर त्यांना साखर किती लागते हे बायकोला पाठ झालं होतं.

त्या दिवशी माझं ड्रिल मशीन चाललं होतं. म्हणजे चालत नव्हतं, चक डगमगत होता. चक काढायचा तर त्याच्या पोटात एक स्क्रू असतो, तो आधी काढावा लागतो. मी मोठा स्क्रू ड्रायव्हर लावला, त्याच्या मानेला पाना लावला, पान्यात पाइप घातला आणि पाइपला लोंबकळलो. मुलीने ड्रिल घट्ट धरलं होतं, मुलीला माझ्या आईने धरलं होतं. काकांनी हा देखावा अर्धा कप चहा संपेपर्यंत शांतपणे पाहिला.

"साहेब, उलटे आटे आहेत."

"म्हणजे?"

"ड्रिल उलटं फिरवलं की चक सुटून येऊ नये म्हणून आतल्या स्क्रूला उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पेडलला असतात तसे."

"मग आम्ही इतका वेळ जे केलं ते?"

"चांगलं घट्ट केलंत. आता तुमच्या नातवाच्या मुंजीत निघेल."

पटाशीला धार लावणं हा दुसरा अध्याय. पटाशीची धार साधारण २५ अंशात घासायची, हे मी शिकलो. धार लागली की नाही हे पाहायची सुतारांची जुनी रीत म्हणजे हातावरच्या केसांवरून पातं हलकेच फिरवायचं. केस साफ निघाले तर धार बरोबर. माझी एकच पटाशी, पण समाधान काही होईना, आणि प्रत्येक खेपेला तपासायला हातावर नवीन जागा लागायची. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. एका लग्नात साडूंनी मला मंडपाच्या मागे नेलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काही गंभीर नाही ना?" मी म्हटलं, "छे हो, पटाशीला धार लावत होतो." त्यांनी मेव्हणीला सांगितलं, गंभीर आहे, बोलायला तयार नाहीत. जेवणाच्या पंगतीत मला तीनदा आग्रहाने जिलबी वाढली गेली.

खरं प्रकरण मात्र सुरू झालं स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरवरून. तो अर्ध्यात अडकायचा. बायकोचं म्हणणं, मेण लावा. माझं म्हणणं, आधी मोजा. मोजायला माझ्याकडे टेप होती, पण टेपच्या टोकाचा आकडा हलत होता. तो आकडा मुद्दाम हलता ठेवलेला असतो. कडेला अडकवून मोजताना तो आपल्या जाडीइतका बाहेर सरकतो आणि भिंतीला टेकवून मोजताना तेवढाच आत जातो, म्हणजे दोन्हीकडे माप बरोबर येतं. हे मला काकांनी सांगितलं. मी तो ठोकून पक्का बसवून टाकल्यावर सांगितलं.

म्हणून मी व्हर्नियर घ्यायचं ठरवलं आणि रविवारी जुन्या बाजारात गेलो. पुण्याचा जुना बाजार म्हणजे गावभरच्या अडगळीचा पुनर्जन्म. तिथे एका गोणपाटावर नळाच्या तोट्या, टेलिफोनचे रिसीव्हर आणि एका पायातला स्केटिंगचा बूट यांच्या शेजारी तो पडला होता. सहा इंची, स्टीलचा. मी जबडे मिटवले. शून्यासमोर शून्य यायला हवं होतं, आलं नाही.

"हा शून्य दाखवत नाही हो."

"काका, जर्मन माल आहे. आपल्या उन्हात थोडा फुगलाय, घरी गेला की बसेल."

या युक्तिवादावर मी हसलो आणि त्याला मागितले तेवढे पैसे दिले. पुढे कळलं की त्या बाजारात शास्त्रशुद्ध बोलणारा तो एकटाच होता.

व्हर्नियरची आणि माझी अकरावीनंतर भेट नव्हती. पिएर व्हर्निए या गृहस्थाने १६३१ साली मोठ्या पट्टीशेजारी सरकणारी छोटी पट्टी लावायची युक्ती छापून जगापुढे आणली. त्या युक्तीने पुढे महाराष्ट्रातल्या सायन्सच्या किती मुलांना जर्नल लिहायला लावलं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची पद्धत उलटी होती. उत्तर काय यायला हवं हे वरच्या वर्गातल्या मुलांकडून आधी विचारून घ्यायचं आणि मग तिथून मागे मागे जात रीडिंग तयार करायची. सगळ्या वर्गाचं उत्तर दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत जुळायचं. उपकरणं निरनिराळी, काहींचे जबडे वाकलेले, एकाला तर सरकती पट्टीच नव्हती, तरी जुळायचं. सर सही करायचे. इतकी एकवाक्यता मी पुन्हा कुठे पाहिली नाही, लोकसभेत तर नाहीच.

माझा व्हर्नियर मिटल्यावर ०.०६ मिलिमीटर दाखवत होता. मी तो उघडून साफ करायचा ठरवला. सरकत्या जबड्याच्या आत पितळेसारखी एक पातळ पट्टी असते, तिला दाबून धरणारे दोन बारीक स्क्रू असतात. स्क्रू कसले, पाटील मंडळींच्या मिशीतला एखादा केस कापून त्याला आटे पाडले असावेत. त्यातला एक सुटला आणि तुळशीच्या कुंडीत पडला. मी कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली, माती चाळणीने चाळली, लोहचुंबक फिरवलं. स्क्रू मिळाला. त्याबरोबर बायकोच्या कानातल्या कुड्यांमधला, मुलीच्या बारशापासून हरवलेला एक मोतीही मिळाला. माझ्या या छंदाला घरातून मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं उत्तेजन. "रोज एक स्क्रू पाडत जा," बायको म्हणाली. चाळणी कोणती वापरली हे तिला नंतर कळलं.

जोडणी झाल्यावर तपासणी. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. माझ्या व्हर्नियरने २७.०६ दाखवला. शून्याची चूक वजा केली, बरोबर २७. मी वरच्या मजल्यावर धावत गेलो. काकांनी नाणं हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"नाणं कोणी तपासलंय?"

"सरकारने."

"बरं," असं म्हणून त्यांनी ते परत दिलं. त्या 'बरं'मध्ये पस्तीस वर्षांची युनियन होती.

मग त्यांनी जबडे मिटवून व्हर्नियर खिडकीसमोर धरला. दोन जबड्यांमधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. "जबडे झिजलेत," ते म्हणाले. "टोकाशी वेगळं माप येईल, मुळाशी वेगळं. आणि साहेब, आत्ता टेंपरेचर किती?"

इथून माझ्या आयुष्याला वेगळं वळण लागलं. लांबी मोजायची तर ती २० अंश सेल्सिअसला, असं १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. त्याआधी निरनिराळे देश निरनिराळ्या तापमानाला मोजत. वीस अंश हा आकडा कोणाच्या सोयीचा आहे हे मे महिन्यातल्या पुण्याला कोणी विचारलेलं दिसत नाही. बाहेर चाळीस होते. मी बेडरूमचा एसी वीसवर लावला, व्हर्नियर, ड्रॉवर आणि नाणं पलंगावर मांडलं आणि खोली बंद केली. प्रयोगशाळेत वस्तू अशा तासन्‌तास ठेवून त्या ठरलेल्या तापमानाला येऊ देतात, तेव्हा कुठे मोजतात. आमच्याकडे एसी एकच, त्यामुळे घरातली सगळीच माणसं त्या तापमानाला येऊ लागली. आई शाल गुंडाळून बसली.

"अरे, हे कोणासाठी?"

"व्हर्नियरसाठी."

"तुझे वडील वारले तेव्हासुद्धा एवढा गारवा केला नव्हता."

पण एसीवर वीस लिहिलंय म्हणून खोली वीस अंशांवर आहे हे कशावरून? थर्मामीटर हवा. थर्मामीटर बरोबर आहे हे कशावरून? त्यालाही तपासायला हवं. बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर. बर्फात तो शून्याजवळ आला. उकळत्या पाण्यात मात्र अठ्ठ्याण्णवला जाऊन थांबला. मी गॅस मोठा केला, झाकण ठेवलं, काढलं. अठ्ठ्याण्णव. थर्मामीटर फेकून देणार होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत. इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं." म्हणजे पुणेकर शंभर अंशांची वाट न पाहता आधीच उकळतात, याला भौगोलिक आधार आहे. मुंबईच्या लोकांनी आमच्याबद्दल बोलताना यापुढे हे ध्यानात ठेवावं.

"उकळलंच आहे तर चहा टाकते," बायको म्हणाली. "आणि तो ड्रॉवर पलंगावरून उचला, मला आडवं व्हायचंय."

या सगळ्या उठाठेवीतून हिशेब काय निघाला, तर दहा सेंटिमीटर लांबीचं पोलाद वीस अंशांनी तापलं तर सुमारे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. माझ्या व्हर्नियरवरचं सगळ्यात लहान माप ०.०२. म्हणजे दिवसभर एसी चालवून मी जेमतेम एका घराची चूक टाळली. तीही टाळली नाही, कारण मोजायची वस्तू पोलादाची असेल तर तीही व्हर्नियरबरोबर तेवढीच फुगते. हे मी काकांना विजयी मुद्रेने सांगितलं, तर ते म्हणाले, "ड्रॉवर प्लायवुडचा आहे ना? ते पाऊस पडला की आपोआप मिलिमीटरभर फुगतं. मेण लावा."

मेण लावायला माझी तयारी नव्हती. मेण लावणं म्हणजे टॅली न लावता शाखा बंद करणं.

त्याच सुमारास मी कार्ल एडवर्ड योहान्सन या स्वीडिश माणसाबद्दल वाचलं आणि माझं मन भरून आलं. हा एस्किल्स्तूना गावच्या बंदुकीच्या कारखान्यात नोकरीला होता. मापं तपासायला पोलादाच्या ठोकळ्यांचा संच करायचा असं त्याच्या मनाने घेतलं. १०२ ठोकळे, पण ते एकमेकांना जोडून हजारो निरनिराळी मापं तयार व्हायची. ठोकळे इतके सपाट की दोन ठोकळे दाबून सरकवले तर गोंदाशिवाय चिकटून बसत. हीच आपल्याकडची स्लिप गेज. त्या ठोकळ्यांचं बारीक घासकाम तो घरी करत असे, आणि त्यासाठी त्याने बायकोच्या शिवणयंत्राचं घासायचं यंत्र बनवलं होतं. १९०४ साली त्याला पेटंट मिळालं, पुढे अमेरिकेत फोर्डने त्याला बोलावून घेतलं. ही हकीकत मी बायकोला फार रंगवून सांगितली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली. मग उठून आपल्या शिवणयंत्रावर झाकण घातलं, झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

"त्याच्या बायकोचं पुढे काय झालं?" तिने विचारलं.

ते कुठे दिलेलं नव्हतं.

पण मला खरा चटका लावला तो इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने. कुठलंच सपाट माप हाताशी नसताना पूर्ण सपाट पत्रा कसा करायचा, याची रीत त्याने एकोणिसाव्या शतकात सांगितली. तीन पत्रे घ्यायचे आणि आळीपाळीने एकमेकांवर घासत, उंचवटे खरवडत जायचं. तीन का? कारण दोनच घेतले तर एक खोलगट होतो, दुसरा तेवढाच फुगीर होतो, आणि दोघं एकमेकांत असे चपखल बसतात की आपण सपाट झालो असं दोघांनाही वाटतं. जुन्या नवरा-बायकोसारखे. तिसरा आल्याशिवाय वाकडेपणा कळत नाही. आमच्या घरी तिसरा पत्रा म्हणजे आई. ती गावाहून आली की पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांचे सगळे उंचवटे मोजून होतात.

पाणसळीला मात्र तिसरा लागत नाही. तिची परीक्षा तिची तीच देते. टेबलावर ठेवायची, बुडबुडा कुठे आहे ते बघायचं, मग त्याच जागी टोकाची उलटापालट करून ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला गेला तर टेबल कलतं आहे, पाणसळ निर्दोष. माझी पाणसळ निर्दोष निघाली आणि घरात एकही गोष्ट निर्दोष उरली नाही. ओटा कलता, देव्हारा कलता, टीव्हीचं कपाट कलतं. जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली मी दुमडलेलं विजेचं बिल घातलं, तर टेबल डुगडुगायला लागलं. पाहुणे बसलेले असताना मी सोफ्याच्या पाठीवर पाणसळ ठेवली, तेव्हा पाहुणे आपण होऊन उठले. त्यांना वाटलं, त्यांच्या वजनाचा विषय आहे.

वजनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या घरी वजनकाटे दोन. एक बाथरूमबाहेरचा, एक पलंगाखालचा. दोघांत दोन किलोंचा फरक. मी नाण्यांनी, दुधाच्या पिशव्यांनी, तांदळाच्या पोत्याने दोन्ही तपासले आणि पलंगाखालचा बरोबर आहे असं जाहीर केलं. तेव्हापासून घरात सगळेच बाथरूमबाहेरचा वापरतात. तो कमी दाखवतो. रक्तदाबाच्या यंत्राचंही तेच. आई तीनदा मोजते आणि सगळ्यात कमी आकडा डॉक्टरांना सांगते. दिवाणखान्यातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. ते चुकून पुढे गेलेलं नाही, लग्नानंतर समजून-उमजून पुढे केलेलं आहे, आणि घरातला प्रत्येक जण त्यातून मनातल्या मनात दहा वजा करतो. मी ते बरोबर लावलं त्या दिवशी आमची गाडी चुकली.

आणि माणसं? मेव्हणा "निघालोच" म्हणतो तेव्हा तो अंघोळीला निघालेला असतो. शिंपी "मंगळवारी" म्हणतो तेव्हा त्यात एक आठवडा मिळवायचा. प्लंबर "पाच मिनिटांत" म्हणतो तेव्हा पाणी भरून ठेवायचं. यांची शून्याची चूक इतकी कायम असते की त्यांच्यावर विसंबून राहता येतं. शेवटी काकांनी व्हर्नियर परत देताना हेच सांगितलं होतं. "शून्य चुकलं तर चुकू द्या साहेब. किती चुकलंय ते रोज तेवढंच राहिलं की झालं."

पण किती चुकलंय हे सांगणार कोण? मी म्हणतोय ०.०६, काका म्हणतात टोकाशी वेगळं. आम्ही दोनच पत्रे. तिसरा हवा होता, म्हणून मी भोसरीला एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये गेलो. टेबलामागे एक मुलगी होती. तिने फॉर्म पुढे ओढला.

"कंपनीचं नाव?"

"कंपनी नाही. घर."

"डिपार्टमेंट?"

"बाल्कनी."

"इन्स्ट्रुमेंट नंबर?"

"एकच आहे."

तिने 'एक' लिहिलं. "सर, रेंज किती, वापर कशासाठी?"

"ड्रॉवर अडकतो."

तिने आत जाऊन कोणाला तरी बोलावलं. आतून पांढऱ्या कोटातला तरुण आला, त्याने व्हर्नियर पाहिला, मग मला पाहिलं आणि फार अदबीने सांगितलं की सर, याच्या फीमध्ये असे दोन येतील. मी म्हटलं, दोन आले तर दोन तपासावे लागतील.

सर्टिफिकेट आलं तेव्हा घरी सणासारखं वातावरण होतं, निदान माझ्यापुरतं. त्यावर लिहिलं होतं की आमची स्लिप गेज अमुक ठिकाणी तपासलेली, त्यांची मापं तमुक ठिकाणी, अशी पायरी-पायरीने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत साखळी. आणि दिल्लीचा मीटर? तो १९८३पासून प्रकाशावर अवलंबून आहे. निर्वातात प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढं अंतर कापतो तेवढा मीटर. आमच्या घराण्याचं मूळ विचाराल तर पणजोबांच्या पुढे कोणाला काही सांगता येत नाही, आणि जुन्या बाजारातल्या गोणपाटावर सापडलेला हा व्हर्नियर मात्र प्रकाशापर्यंतचा कुलवृत्तांत घेऊन घरी आला.

खाली आकडे होते. शून्यावर अधिक ०.०४. शेजारी अनिश्चितता म्हणून आणखी एक आकडा. मी लॅबला फोन केला.

"याचा अर्थ तो बरोबर आहे की चूक?"

"सर, ते आम्ही नाही सांगत. किती ते सांगतो. चालेल की नाही ते तुम्ही ठरवायचं."

म्हणजे माझं ०.०६, त्यांचं ०.०४. दोन शतांशाचा डिफरन्स. त्या रात्री मला झोप लागली नाही. बायकोला लागली, कारण तिने दुपारी ड्रॉवरला मेणबत्ती घासली होती आणि तो आता आपण होऊन बंद होत होता.

सर्टिफिकेटची बातमी कशी पसरली कोण जाणे, पण पुढच्याच रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. पार्किंगमध्ये दोन सभासदांचं जुनं भांडण होतं. मधली पिवळी रेघ एकाने रात्रीतून सरकवली, असा दुसऱ्याचा आरोप. टेपने मोजून झालं होतं. पण एक म्हणे टेप खोटी, दुसरा म्हणे मोजणारा.

"तुमच्याकडे सर्टिफिकेटवालं माप आहे म्हणे," सेक्रेटरी म्हणाले.

"आहे. पण सहा इंची आहे."

"सर्टिफिकेट आहे ना?"

मी व्हर्नियर आणि फाइल घेऊन खाली उतरलो. निम्मी सोसायटी जमली होती. सर्टिफिकेट हातोहाती फिरलं. ते कोणी वाचलं नाही, शिक्का मात्र सगळ्यांनी बोट फिरवून पाहिला. मग मी फरशीवर उकिडवा बसलो आणि जबडा पूर्ण उघडून सहा-सहा इंचांनी पुढे सरकत गेलो. प्रत्येक ठिकाणी वॉचमनच्या पोराकडचा लंगडीची घरं आखायचा जाडा खडू घेऊन खूण करत होतो आणि दर खेपेला शून्याची चूक मोठ्याने वजा करत होतो. त्या वजाबाकीचा लोकांवर फार परिणाम झाला. दोन्ही पक्ष गप्प उभे होते. काका खांबाला टेकून होते. ते आणि त्यांची मिशी दोन्ही हलत नव्हती.

"दोन हजार चारशे त्रेसष्ट पॉइंट पाच आठ मिलिमीटर," मी जाहीर केलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठलो. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी आकडा वहीत उतरवला, दशांशासकट. ज्याची जागा भरली तो माझा हात सोडेना. ज्याची कमी पडली तो जरा वेळ फरशीवरच्या खुणांकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने एका खुणेवर अंगठा टेकवला. खूण अंगठ्याच्या निम्मी होती.

"सगळं मान्य," तो म्हणाला. "पण साहेब, खडूचं सर्टिफिकेट दाखवा."

काका तेवढ्यात जिना चढायला लागले होते. सेक्रेटरींनी वहीत पुढची ओळ लिहिली: खडू प्रमाणित करून घेणे, खर्च सिंकिंग फंडातून.